शिवणकामाच्या आठवणचौकटीत बटणे गळणे, कापड फुगणे आणि गंज धरणे: कारणे व उपाय

शिवणक्लास चालवणाऱ्या बाईंना निरोप देताना, किंवा आयुष्यभर घरच्यांचे कपडे शिवलेल्या आत्याच्या साठीला, त्यांच्याच शिवणाच्या डब्यातील वस्तू मांडून केलेली काचेची खोल चौकट भेट द्यावी, ही कल्पना फार सुंदर आहे. खणाच्या किंवा जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर बटणे, टिचबटणे, लाकडी रीळ, अंगुस्ताना (शिवताना बोटात घालायची टोपी), बॉबिन (शिलाई मशीनमधली दोऱ्याची छोटी चकती), लेसचे तुकडे, मापाच्या टेपचा एखादा भाग, खाकी कागदावरच्या ड्राफ्टिंगचा (कपड्याच्या मापाच्या आखणीचा) कोपरा आणि एक छायाचित्र अशी तिची मांडणी असते. कापड, कागद, धातू, लाकूड, प्लास्टिक आणि रंग असे परस्परांशी न पटणारे पदार्थ एका पुठ्ठ्यावर एकत्र येतात आणि अडचणीही तिथूनच सुरू होतात.

भेट दिली त्या दिवशी चौकट देखणी दिसते. पहिला पावसाळा सरला की मात्र काचेच्या तळाशी दोन-तीन बटणे येऊन पडतात, पार्श्वभूमीच्या कापडाला फुगे येतात, टाचण्यांभोवती तांबूस वलये उमटतात आणि पुठ्ठ्याला मध्यभागी पोट येते. बहुतेकजण याचा दोष डिंकाला देतात, पुढच्या वेळी अधिक चिवट डिंक आणतात, आणि पुढच्या चौकटीचीही तीच गत होते. ज्या वस्तूंना कोणाचे तरी हात वर्षानुवर्षे लागलेले आहेत, त्यांची अशी अवस्था होऊ नये, असे मला मनापासून वाटते. म्हणून या बिघाडांची कारणे येथे सविस्तर मांडत आहे.

माझ्या मते डिंकाची ताकद हा येथे मूळ प्रश्नच नाही. डिंकाबरोबर आत आलेले पाणी बाहेर पडण्यापूर्वी आपण काच बंद करतो, आणि जे वजन दोऱ्याने पेलायचे ते डिंकावर टाकतो, या दोन गोष्टींतून जवळजवळ सगळे बिघाड निघतात. शिवणकामाची चौकट शक्य तितकी शिवूनच बांधावी आणि डिंक कागद-पुठ्ठ्यापुरता ठेवावा, हा माझा आग्रह आहे. पुढील सर्व उपाय त्यातूनच आलेले आहेत.

पडलेले बटण काय सांगते

पडलेले बटण घाईने परत चिकटवू नये. ते उलटे करून चांगल्या उजेडात, शक्य असल्यास भिंगाखाली, नीट पाहावे. कारण कोणता पृष्ठभाग सुटला हे कळल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही. डिंकाचा अखंड पापुद्रा बटणाच्या पाठीला चिकटून आला असेल आणि त्यावर कापडाचा एकही तंतू नसेल, तर डिंक कापडात शिरलाच नव्हता, असे समजावे. नव्या कोऱ्या कापडावर गिरणीतली खळ असते, आणि ते न धुता वापरले तर डिंक त्या खळीवरच बसून राहतो. पापुद्र्यावर कापडाचे बारीक तंतू दिसत असतील तर डिंकाने आपले काम चोख केलेले आहे. वजन न पेलल्यामुळे कापडाचा वरचा थरच सोलला गेला आहे, आणि अशा ठिकाणी कितीही महागडा डिंक आणला तरी उपयोग होणार नाही. डिंक कापडावर तसाच राहून बटणाची पाठ स्वच्छ निघाली असेल, तर बटण गुळगुळीत होते. शिंपल्याची, धातूची आणि चकचकीत प्लास्टिकची बटणे अशी सुटतात. चौथी खूण सर्वांत महत्त्वाची आहे. पापुद्रा काचेसारखा पारदर्शक न राहता दुधाळ, मऊ आणि नखाने दबणारा झाला असेल, तर पांढरा डिंक एकतर पूर्ण वाळलाच नव्हता, किंवा ओल लागून पुन्हा नरम पडला आहे.

ज्याला आपण सरसकट फेव्हिकॉल म्हणतो, त्या प्रकारच्या पांढऱ्या डिंकात पाण्याचा वाटा साधारण निम्मा असतो. ते पाणी हवेत उडून गेले तरच डिंक घट्ट होतो. एप्रिलच्या दुपारी पुण्याच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली उतरते आणि डिंक पाहता पाहता वाळतो. जुलै-ऑगस्टच्या सकाळी तीच आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते आणि पाण्याला जायला जागाच उरत नाही. डिंकाच्या बाटलीवर लिहिलेला वाळण्याचा वेळ मोकळ्या, कोरड्या हवेला धरून असतो. बटणाखाली झाकला गेलेला थेंब तर आणखी संथपणे वाळतो, कारण त्याची वाफ फक्त कडेने निघू शकते.

बंदुकीने लावायच्या गरम डिंकात पाणी नसते, त्यामुळे तो सोयीचा वाटतो. परंतु तो उन्हाळ्यातील तापलेल्या भिंतीवर नरम पडतो, आणि धातू किंवा काच यांसारख्या गार, गुळगुळीत पृष्ठभागावर नुसता वरवर बसतो. थंडी-उन्हाच्या फेऱ्यांत तो एका झटक्यात अखंड सुटून येतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप वजन सतत खाली ओढत राहिल्याने हळूहळू घसरते. क्षणात चिकटणारा डिंक सुती कापडावर कधीही टाकू नये. कापसाशी त्याची प्रक्रिया इतक्या वेगाने होते की चटका बसण्याइतकी उष्णता आणि डोळ्यांत झोंबणारी वाफ निघते. कापड त्या जागी काळपट व कडक होते, आणि बंद चौकटीत ती वाफ आजूबाजूच्या बटणांवर व काचेवर पांढुरकी साय धरते.

बटणे आणि जड वस्तू: दोऱ्याने बांधणी

सर्व वस्तू कापडावर मांडून झाल्या की वरून एक छायाचित्र काढून ठेवावे आणि मगच कामाला लागावे. बटण जागेवर धरून त्याच्या छिद्रांतून टोकदार पेन्सिलीने कापडावर खुणा कराव्यात, बटण बाजूला काढावे आणि त्या खुणांवर टोच्याने किंवा दाभणाने पुठ्ठ्याला आरपार भोके पाडावीत. आधी भोके न पाडता सुई घुसवली तर ती वाकते, बोटाला लागते, आणि भोकाची जागा दरवेळी थोडी सरकून पुठ्ठा चाळणीसारखा होतो. दोरा दुहेरी घ्यावा; बटणे लावण्यासाठी मिळतो तो जाड दोरा सर्वांत चांगला.

पाठीमागे नुसती गाठ मारून सोडली तर दोऱ्याचा ताण दोन भोकांमधल्या चिंचोळ्या पुठ्ठ्यावर येतो आणि काही महिन्यांत तो भाग कापला जातो. शिंपी जड कोटाच्या बटणामागे आतल्या बाजूला एक छोटे पारदर्शक बटण लावतात ते याच कारणासाठी. तीच पद्धत येथे वापरावी. पुढे दर्शनी बटण, मध्ये कापड व पुठ्ठा, मागे शर्टाचे एखादे साधे बटण, आणि दोरा तिन्हींमधून दोन-तीनदा फिरवून मागच्या बटणाभोवती गुंडाळून गाठ मारलेली, अशी बांधणी पूर्ण झाल्यावर चौकट उलटी करून हलवली तरी बटण जागचे हलत नाही. ज्या बटणांना पाठीमागे कडी असते, त्यांच्यासाठी भोक थोडे मोठे करून कडी आरपार घालावी आणि मागून त्या कडीत तांब्याच्या तारेचा छोटा तुकडा आडवा सरकवून त्याची टोके वाकवावीत.

लाकडी रिळाला मधोमध भोक असतेच. त्यातून दोरा ओवून त्याची दोन्ही टोके पुठ्ठ्यातून मागे न्यावीत. कात्री असेल तर दोन्ही मुठींना आणि पात्यांच्या खिळ्याच्या खाली, असे तीन ठिकाणी बांधावे, म्हणजे ती उघडणारही नाही आणि कलंडणारही नाही. अंगुस्तान्याला पकडायला काहीच नसल्याने लोक तो हमखास चिकटवतात आणि तो हमखास पडतो. त्याऐवजी बाटलीच्या बुचाचा एक तुकडा अंगुस्तान्याच्या आत नेमका बसेल असा तासावा, त्यावर नमदा किंवा जाड कापड गुंडाळून तो पुठ्ठ्याला शिवून टाकावा आणि अंगुस्ताना त्यावर दाबून बसवावा. पुढे कधी काढून हातात घ्यावासा वाटला तर तोही काढता येतो. हुक, सेफ्टी पिना, मशीनच्या सुया अशा बारीक वस्तूंसाठी ऑर्गंझाचा किंवा नेटचा छोटा खिसा शिवणे सर्वांत चांगले.

एखाद्या वस्तूला छिद्रही नाही आणि दोरा अडकवायला खाचही नाही, असे क्वचितच होते. तेव्हा दोन नळ्यांतला मिसळायचा इपॉक्सी डिंक वापरावा, पण तोही कापडावर लावू नये. त्या जागी कापडाला लहानशी खिडकी कापावी, वस्तूची पाठ बारीक पॉलिश पेपरने खरवडावी आणि ती थेट पुठ्ठ्याला चिकटवून २४ तास आडवी ठेवावी. काळाच्या ओघात हा डिंक पिवळा पडतो, म्हणून तो वस्तूच्या कडेबाहेर येणार नाही इतकाच घ्यावा.

कापडाचे फुगे आणि पुठ्ठ्याचे पोट

पातळ केलेला पांढरा डिंक पुठ्ठ्यावर ब्रशने पसरून त्यावर कापड टाकायचे, ही सर्रास दिसणारी पद्धत फुग्यांचे मूळ आहे. पाणी लागताच कागदाचे तंतू फुगतात आणि वाळताना आक्रसतात. एकाच बाजूला डिंक लागलेला पुठ्ठा त्यामुळे वाळताना डिंकाच्या बाजूला वळतो. कापडाचे आक्रसणे मात्र पुठ्ठ्याहून वेगळे असल्याने दोघांची ओढाताण होते आणि जिथे डिंक कमी पडला आहे तिथून कापड सुटून वर येते. डिंकात जितके पाणी अधिक, तितका हा त्रास अधिक. तलम कापडावर डिंक आरपार येऊन काळपट ओला डाग दिसू लागतो आणि साटिनवर किंवा रेशमी काठावर तो डाग कायमचा राहतो.

यावर माझा ठाम सल्ला असा की पार्श्वभूमीचे कापड चिकटवूच नये. ते पुठ्ठ्यावर ताणून मागच्या बाजूने दोऱ्याने बांधून काढावे. भरतकाम चौकटीत बसवण्याची ही जुनी, खात्रीची पद्धत आहे. लक्ष्मी रस्त्यावरून आणलेले नवे कापड असो वा घरातला खण, ते आधी साध्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून घ्यावे, म्हणजे जे आक्रसायचे ते आधीच आक्रसते आणि खळही निघून जाते. रंग जाण्याची शंका असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा आधी चोळून पाहावा. कापड उभ्या-आडव्या धाग्यात सरळ कापावे. उरेब, म्हणजे तिरके कापलेले कापड ताणल्यावर एका बाजूला लांबतच जाते आणि खणाच्या रेघा पुठ्ठ्याच्या कडेला समांतर राहत नाहीत. चारी बाजूंना निदान ५ सेंटिमीटर कापड जास्तीचे ठेवावे.

कापड पालथे ठेवून त्यावर पुठ्ठा ठेवावा, समोरासमोरच्या कडा मागे दुमडाव्यात, आणि एका कडेच्या मध्यापासून सुरुवात करून लांब दोऱ्याने या कडेचा टाका, त्या कडेचा टाका, असे करत बाहेरच्या दिशेने जावे. खाटेचा सुंभ जसा शेवटी एका टोकाकडून ओढत ओढत कसला जातो, तसा हा दोराही सर्व टाके घालून झाल्यावर क्रमाने ओढून घ्यावा आणि मगच गाठ मारावी. त्यानंतर उरलेल्या दोन कडा तशाच बांधाव्यात. पुढे कापड ढिले पडले तर गाठ सोडून पुन्हा कसता येते. चिकटवलेल्या कापडाला ही सोय नसते.

पुठ्ठा दुहेरी जाडीचा आणि कडक घ्यावा. त्यावर कागदाची कलाकृती, रंग किंवा ड्राफ्टिंगचे तुकडे चिकटवायचेच असतील, तर पाठीमागेही तितक्याच जाडीचा कागद तोच डिंक लावून चिकटवावा, म्हणजे दोन्ही बाजूंची ओढ सारखी होऊन पुठ्ठा सपाट राहतो. पुस्तकांचे बांधणीकाम करणाऱ्यांना हे ठाऊकच असते. सनबोर्ड (प्लास्टिकच्या फोमचा हलका बोर्ड) पाणी शोषत नसल्याने वाकत नाही, हे खरे आहे. पण त्याच कारणाने डिंकातले पाणी फक्त कापडाकडूनच बाहेर पडू शकते आणि वाळायला फार वेळ लागतो. कापड नुसते ताणून बांधायचे असेल तर तो उत्तम आहे.

लेस किंवा कापडाचे छोटे आकार बसवण्यासाठी शर्टाच्या कॉलरला लावतात त्या फ्यूजिंगचा विचार जरूर करावा. इस्त्रीच्या उष्णतेने वितळून चिकटणारे हे अस्तर पूर्णपणे कोरडे असते, त्यामुळे डागही पडत नाही आणि फुगाही येत नाही. फ्यूजिंगने कडक केलेला तुकडा कडेने धावदोऱ्याने टाचला की तो सुटत नाही. फुले, पाने, किंवा छोटा कशिदा असेल तर साखळी टाक्याने बसवलेली कड डोळ्यांनाही चांगली दिसते. तुळशीबागेत आणि रविवार पेठेत बटणे, लेस, फ्यूजिंग, दोरे असे सगळे साहित्य मिळते; दुकानात फ्यूजिंग घेताना ते सुती कापडासाठी हवे आहे, हे सांगून घ्यावे.

वाळले आहे की नाही, हे कसे ओळखावे

हाताला कोरडे लागणे ही खात्रीची खूण नाही. वरचा थर कोरडा आणि आतला ओला, असे नेहमी होते. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा येथे फार उपयोगी पडतो. काम पूर्ण झाल्यावर पुठ्ठा वजन करून आकडा मागे पेन्सिलीने लिहावा आणि रोज त्याच वेळी पुन्हा वजन करावे. पाणी जात आहे तोवर वजन कमी होत राहते. ते स्थिरावले की पाणी गेले. मात्र पुठ्ठा स्वतःही हवेतील ओल घेतो, त्यामुळे पावसाळ्यात वजन खाली-वर होत राहते. म्हणून त्याच पुठ्ठ्याचा एक न चिकटवलेला कोरा तुकडा शेजारी ठेवून त्याचेही वजन करावे. दोन्हींचे वजन दमट दिवशी बरोबरच वाढले आणि कोरड्या दिवशी बरोबरच उतरले, तर तो हवेचा परिणाम असतो. कोरा तुकडा स्थिर असताना आपल्या पुठ्ठ्याचे वजन उतरत असेल, तर डिंक अजून वाळत आहे. या साध्या पडताळ्यामुळे काच कधी बंद करायची याचा अंदाज बांधावा लागत नाही.

गुरुपौर्णिमेला द्यायची चौकट असेल, तर चिकटवण्याचे आणि रंगाचे सगळे काम मे महिन्यातच संपवावे, हा याचा सरळ अर्थ आहे. शिवून बांधायचे काम जूनमध्येही चालेल. भाऊबीजेसाठी करायची असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस साधारणपणे परततो, त्यानंतरच्या कोरड्या दिवसांत चिकटवणे उरकावे. काही कारणाने भर पावसाळ्यातच काम करावे लागले, तर पुठ्ठा पंख्याखाली उभा ठेवावा, दोन्ही बाजूंना हवा लागू द्यावी, आणि काच बसवण्याची घाई अजिबात करू नये. ॲक्रिलिक रंगाचे थर दमट हवेत बराच काळ चिकचिकीत राहतात आणि जाड थरावर ठेवलेले कापड किंवा प्लास्टिक त्याला चिकटून बसते, म्हणून रंगलेल्या भागाला काहीही टेकू देऊ नये.

गंज

शिवणाच्या डब्यातील अर्ध्या वस्तू लोखंडाच्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याच तशा दिसत नाहीत. सोनेरी हुक, चंदेरी टिचबटणे, पितळी वाटणारी बटणे, या सर्वांना चौकटीत जाण्यापूर्वी एक लोहचुंबक लावून पाहावा. चुंबकाला जे चिकटते त्याच्या मुलाम्याखाली लोखंड आहे, असे धरून चालावे. पितळ चुंबकाला चिकटत नाही. ओल, हवा आणि लोखंड एकत्र आले की गंज धरणारच, आणि बंद पेटीत त्यात आणखी एक भर पडते: पांढरा डिंक आणि एमडीएफसारख्या, लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्या यांतून हळूहळू आम्लयुक्त वाफा निघत राहतात. चौकट उघडल्यावर आंबूस वास आला तर तो याच वाफांचा असू शकतो.

म्हणून चुंबकाला चिकटलेली प्रत्येक वस्तू आधी स्पिरिटने पुसून हाताचे तेल व घाम काढावा, वाळवावी, पारदर्शक लॅकरचा किंवा बिनरंगी नखरंगाचा पातळ थर सर्व बाजूंनी द्यावा, आणि तो पूर्ण सुकल्यावरच कापडाला लावावी. टाचण्यांनी काहीही टोचून ठेवू नये. दिसण्यासाठी टाचण्या हव्याच असतील तर स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. जुन्या बाजारातून आणलेल्या कात्र्या, शटल, बॉबिन केस यांवर आधीच गंज असतो. तो बारीक स्टील वूलने खरवडून, पुसून, मगच थर द्यावा. पांढऱ्या सुती कापडावर पडलेला गंजाचा डाग लिंबाचा रस व मीठ लावून, उन्हात ठेवून आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन बराच फिका होतो. रंगीत खणावर किंवा रेशमावर हा प्रयोग करू नये, रंग उडतो.

घरात चांदीचा अंगुस्ताना असेल तर त्याच्याजवळ रबरबँड किंवा जुने इलॅस्टिक ठेवू नये. रबरातील गंधकाने चांदी काळी पडते आणि इलॅस्टिक स्वतःही कालांतराने चिकट होऊन तुकडे पडते.

कागद, शाई, टेप आणि बुरशी

हे मुद्दे छोटे असले तरी नुकसान मोठे करतात. बाईंच्या हस्ताक्षरातील ड्राफ्टिंगची वही कापून चौकटीत लावणे मला योग्य वाटत नाही. तिची प्रत काढावी आणि मूळ वही जपून ठेवावी. प्रत लेझर प्रिंटरची किंवा झेरॉक्सची असावी, कारण इंकजेटची साधी शाई डिंकातील पाण्याने पसरते. वर्तमानपत्राचे कटिंग वापरू नये, तो कागद काही वर्षांतच पिवळा पडतो आणि तुटतो.

मापाच्या टेपचे बिघाड वेगळेच असतात. प्लास्टिकचा थर दिलेल्या टेपमधून तिला मऊ ठेवणारा पदार्थ हळूहळू बाहेर येतो, टेप चिकट होते, आणि तिला टेकलेली प्लास्टिकची बटणे किंवा रंग खराब होतो. टेपखाली आणि टेपच्या आजूबाजूला कागदाची पट्टी ठेवून ती फक्त टोकांना शिवावी, प्लास्टिकला स्पर्श होऊ देऊ नये.

मैद्याची खळ हा कागदासाठी चांगला, जुना डिंक आहे, पण बुरशी आणि कसर या दोघांनाही ती आवडते. बाइंडर पूर्वी तिच्यात मोरचूद घालत असत. शिवणाच्या चौकटीत मात्र मोरचुदाला जागा नाही, कारण तो विषारी तर आहेच, शिवाय ओल्या स्थितीत लोखंडाला खातो. डांबराच्या गोळ्याही आत ठेवू नयेत, त्यांच्या वाफेने काही प्रकारची प्लास्टिकची बटणे नरम पडतात. हवेतील आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर सतत राहिली की बुरशी वाढते, त्यामुळे खरा उपाय ओल कमी ठेवण्याचाच आहे. सिलिका जेलची पुडी पाठीच्या खोबणीत ठेवावी, पण चौकट पूर्ण हवाबंद नसल्याने ती पावसाळ्यात लवकर भरते. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि मध्यावर ती बदलावी. निळ्या दाण्यांच्या जेलमध्ये कोबाल्टचे संयुग असते, म्हणून घरात पांढरे किंवा केशरी दाणे बरे.

फ्रेमवाल्याकडे जाताना सर्वांत उंच वस्तूची उंची मोजून तिच्यात निदान ५ मिलिमीटर वाढवून खोली सांगावी, म्हणजे काचेला काहीही टेकणार नाही. काचेच्या आतून दव धरते तेव्हा टेकलेल्या वस्तूलाच सर्वप्रथम ओल लागते. चौकट बाहेरच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीवर लावू नये, आणि पाठीमागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे भिंत व चौकट यांच्यामध्ये हवा खेळते. थेट ऊन लागणारी जागाही टाळावी, सुती दोऱ्यांचे रंग उन्हाने उतरतात.

आधीच दिलेली चौकट दुरुस्त करायची असेल तर

ज्यांना भेट दिली त्यांच्याकडून ती दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत संकोच न करता मागून घ्यावी. मागचा कागद काढून काच उचलावी आणि सर्व वस्तूंचे छायाचित्र काढावे. गरम डिंकाने लावलेल्या वस्तूंच्या कडेला कापसाने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावले की तो डिंक सुटतो. वाळलेला पांढरा डिंक कोमट पाण्याच्या ओल्या बोळ्याने काही वेळात मऊ होतो. कापडाच्या रंगाची खात्री आधी कोपऱ्यावर करून घ्यावी. क्षणात चिकटणाऱ्या डिंकावर ॲसिटोन चालते, परंतु अनेक प्रकारची प्लास्टिकची बटणे आणि ॲसिटेटचे कापड त्यात विरघळते, म्हणून बटण कशाचे आहे हे माहीत नसेल तर ते तसेच राहू द्यावे. बुरशी असेल तर चौकट घराबाहेर नेऊन, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने झाडावी आणि वस्तू दिवसभर सावलीत पसराव्यात.

डागाळलेले कापड बदलण्याचा मोह होतो, पण ते त्यांच्याच साडीचे असेल तर बदलू नये. डागावर लेसचा तुकडा किंवा एखादे बटण शिवून घ्यावे. पुन्हा बांधताना पुठ्ठ्याच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख, कोणत्या वस्तू शिवल्या, कोणत्या चिकटवल्या, कोणता डिंक वापरला आणि बंद करताना पुठ्ठ्याचे वजन किती होते, एवढे लिहून ठेवावे. पुढच्या वेळी ही चौकट आपणच उघडू असे नाही, आणि जो उघडेल त्याला कोणता दोरा आधी सोडायचा हे त्या नोंदीवरून कळेल.